लेकीचं दुसरं इन्स्टा खातं सापडलंय. पासवर्ड मागू की गप्प बसू?

झेरॉक्सवाला, वडगाव · 7 डिसेंबर 2025, रात्री 11:10

नमस्कार मंडळी. नाव सांगत नाही. बेळगावात वडगावला झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे, एवढं पुरे. सतरा वर्षं झाली. लेक यंदा दहावीला, मराठी माध्यम, मार्चमध्ये एसएसएलसी. अभ्यासात बरी आहे, घरात बोलायची कमी झालीय. या वयात तेवढं चालायचंच, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या मंगळवारी तिच्या वर्गातला एक मुलगा विज्ञानाच्या प्रोजेक्टचे कलर प्रिंट काढायला आला. चित्रं कुणीतरी इन्स्टावर पाठवली होती, म्हणून त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवरच आपलं खातं उघडलं. मी शेजारी उभा. मेसेजांच्या यादीत वरून तिसरा आमचा बोका! डावा कान फाटलेला, बॉबिनांच्या टोपलीत बसलेला. (घरामागे भावाचे चार यंत्रमाग आहेत, बोक्याचा मुक्काम तिथेच.) असा बोका अख्ख्या वडगावात दुसरा नाही. खात्याचं नाव 'कुंदा नको मांडे दे' (दोन्ही बेळगावची गोड खाणी). लेकीचं एक खातं मला ठाऊक होतं. त्यात आजी सोडून सगळं गणगोत आहे, गणपतीतला साडीतला एक फोटो आहे, बाकी काही नाही. हे दुसरं निघालं.

दुसऱ्याच्या पोराच्या स्क्रीनवर डोकावलो ही पहिली चूक. दुसरी सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

रात्री दुकान बंद करून मी एक खोटं खातं काढलं, लेकीच्या एका मैत्रिणीच्या नावाने. फोटो लावला मे महिन्यातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीचा. मंडळाच्या पेजवर लेझीम पथकाचे ढीगभर फोटो आहेत, फेटे बांधलेल्या पोरी पाठमोऱ्या, कोण कुठली कळत नाही. आणि बोक्याच्या खात्याला रिक्वेस्ट पाठवली, सोबत मेसेज: 'हाय. मी नवीन खातं उघडलं आहे. ॲक्सेप्ट कर.'

पाच मिनिटांत आतल्या खोलीतून लेकीचा आवाज. फोनवर त्याच मैत्रिणीला विचारायली होती, 'तू नवीन खातं काढलंस काय गं?' दहाव्या मिनिटाला मला ते खातं दिसायचं बंद. ब्लॉक. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा फाइल विसरली म्हणून परत आला आणि आपण होऊन सांगितलं, 'काका, कुणीतरी आमच्या वर्गातल्या पोरीचं फेक काढलंय. ग्रुपवर स्क्रीनशॉट आलाय, सगळ्यांनी रिपोर्ट मारलं.' मी स्टेपलरच्या पिना भरत बसलो. शुक्रवारी माझं खातं कंपनीने बंद केलं.

अनोळखी माणसापासून कसं वाचायचं हे मी तिला कधी शिकवलं नाही, आणि तिने ते माझ्यावरच करून दाखवलं. हसू की रडू कळेना. पण झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. त्या रात्री जेवताना मी मुद्दाम विचारलं, 'काय विशेष गं आज?' तर म्हणाली, 'काही नाही पप्पा.' म्हणजे खरोखरचा कुणी नालायक असता, तरी उत्तर हेच आलं असतं.

बायको म्हणते पासवर्ड घ्या. भाऊ म्हणतो फोनच घ्या. मी केलेलं या दोघांनाही ठाऊक नाही. काय करू? आणि तिला सांगू का?

---

खानापूरकर · 7 डिसेंबर, रात्री 11:32

फोन काढून घ्या. दहावी आहे. परीक्षा झाल्यावर परत द्या. यात विचारायचं काय आहे?

---

झेरॉक्सवाला, वडगाव · 7 डिसेंबर, रात्री 11:40

भाऊ, शाळेच्या नोट्स, वेळापत्रक, सराव पेपर सगळं व्हॉट्सॲपच्या वर्गग्रुपवर येतं. फोन काढून घेतला तर रोज रात्री तिला माझ्या फोनवर यावं लागेल, आणि माझा फोन म्हणजे दुकानाचा फोन. शिवाय गल्लीतल्या चार मैत्रिणींचे फोन आहेतच की.

---

निपाणीच्या बाई · 8 डिसेंबर, सकाळी 7:05

दादा, तुमची गोष्ट स्टाफरूममध्ये वाचून दाखवायच्या लायकीची आहे, पण दाखवणार नाही, काळजी नको. हायस्कुलात बावीस वर्षं शिकवतेय, आठवी ते दहावी.

आधी एक सांगते. दुसरं खातं असणं ही चोरी समजू नका. एक खातं पाहुण्यांसाठी आणि एक आपल्या माणसांसाठी, हे आता जवळजवळ प्रत्येक मुलाकडे असतं. आपण नाही का, दारात एक बोलतो आणि माजघरात एक? तिचं 'खरं' खातं बोक्याच्या फोटोचं आहे, स्वतःच्या चेहऱ्याचं नाही. नाव असं की शोधून सापडू नये. म्हणजे पोरीने विचार केलाय.

हे आजचं नाही आणि फक्त आपल्याकडचं तर मुळीच नाही. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने 2012 मध्ये 12 ते 17 वयाच्या 802 मुलांची पाहणी केली होती. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी 74 टक्के मुलांनी आपल्या यादीतून माणसं काढून टाकली होती. 58 टक्के मुलं आपसातले विनोद किंवा आडून बोलणं वापरत होती. 26 टक्क्यांनी नाव, वय, ठिकाण असं काहीतरी खोटं घातलं होतं. तेव्हा सगळा फेसबुकचा जमाना. डॅना बॉइड आणि ॲलिस मारविक या तिकडच्याच दोन संशोधक बायकांनी या आडून बोलण्याला 'सोशल स्टेगनोग्राफी' असं भारदस्त नाव दिलंय. लिहायचं चारचौघांत, पण अर्थ आपल्या चौघांनाच कळावा.

आमच्या निपाणीतली स्टेगनोग्राफी ऐका. आमची पोरं मराठीच लिहितात, पण कन्नड लिपीत. का, तर कोल्हापूरच्या मामाला आणि इचलकरंजीच्या आत्याला वाचता येऊ नये. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, चला, निदान कन्नडच्या सरांचे कष्ट कुठेतरी कामी आले.

पण सगळंच त्यांना सावरता येतं असंही नाही. जोखीम म्हटलं की आपल्याला फक्त मुलगी आणि परका पुरुष आठवतो. आमच्याकडे जास्त धाकधूक 1 नोव्हेंबरच्या आसपास असते. एकाच दिवशी इकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, तिकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, आणि फोनवर दोन्हीकडची शिवीगाळ. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाने कुठल्याशा पेजवर एक ओळ लिहिली. ओळही विशेष नव्हती, बापाच्या तोंडची ऐकलेली. खातं उघडं होतं. दोन तासांत त्याचा गणवेशातला फोटो, शाळेचं नाव आणि वडिलांच्या दुकानाच्या पाटीवरचा नंबर असं सगळं एकत्र करून फिरवलं गेलं. वडिलांना तीन दिवस फोन. मुलगा आठ दिवस शाळेला आला नाही.

कन्नड शाळेतल्या एका मुलाचंही त्याच आठवड्यात असंच झालं होतं, उलट्या बाजूने. दोघे एकाच ट्यूशनला जातात.

त्यानंतर वर्गातल्या मुलांनी काय केलं माहीत आहे? कुणी न सांगता आपापल्या खात्यावरून शाळेचं नाव काढलं, गणवेशातले फोटो काढले. आम्ही शिक्षकांनी काय केलं? 26 जानेवारीला सगळ्या वर्गाचे गणवेशातले फोटो शाळेच्या पेजवर टाकले, नावांसकट. मी सुद्धा होते टाकणाऱ्यांत.

पासवर्ड मागू नका. मागितलात तर तिसरं खातं निघेल आणि त्यावर बोकाही नसेल.

---

बेळगावची, सध्या पुण्यात · 8 डिसेंबर, दुपारी 1:20

काका, मी 22 वर्षांची आहे, शहापूरची. तुमच्या लेकीच्या बाजूने लिहिते.

दहावीत होते तेव्हा एका खात्यावरून मेसेज यायला लागले. मुलगा, गोव्याचा, फुटबॉल खेळणारा, असं त्याचं म्हणणं. मी तीन आठवडे बोलले. मग त्याने माझाच गॅदरिंगमधला फोटो कशावर तरी चिकटवून पाठवला आणि 2,000 रुपये मागितले, नाहीतर सगळ्या फॉलोअर्सना पाठवतो म्हणाला. मी थेट आईकडे गेले. आईने पहिलं वाक्य काय म्हटलं? 'तू बोललीसच कशाला त्याच्याशी?' मग फोन गेला, ट्यूशन बंद, आणि चार महिने दादा शाळेपर्यंत सोडायला. त्या माणसाला कुणी काही केलं नाही. मला केलं.

दोन वर्षांनी, पीयूसी सेकंड इयरला (म्हणजे बारावीत), दुसऱ्या एकाने तोच प्रकार केला. यावेळी मी घरात कुणाला सांगितलं नाही. मैत्रिणीकडून 1,500 रुपये उसने घेऊन पाठवले. चौथ्या दिवशी त्याने 5,000 मागितले. तेव्हा मैत्रिणीच्या भावाने हातातून फोन घेतला आणि तिघांनी मिळून ते निस्तरलं. माझी आई वाईट नाही हो. घाबरली होती. पण माझ्या डोक्यात हिशोब पक्का बसला होता: सांगितलं की शिक्षा मला.

म्हणून तुमची लेक 'काही नाही पप्पा' म्हणाली ते मला कळतं. तिला धोका त्या फेक खात्याचा कमी वाटला असेल, तुमच्या उत्तराचा जास्त.

आता कामाचं. मैत्रिणीच्या भावाने तेव्हा सांगितलेलं आणि पुढे मला कळलेलं मी आज माझ्या धाकट्या मावसबहिणींना सांगते. असल्या माणसाला पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढते. आधी चॅट उडवायचं नाही. स्क्रीनशॉट घ्यायचे, आणि खात्याची लिंक कॉपी करून ठेवायची, कारण नाव ते बदलतात. मग ब्लॉक. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 ला फोन, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. आणि 'टेक इट डाउन' म्हणून एक मोफत सोय आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि पिळवणूक झालेल्या मुलांसाठीच्या संस्थेने चालवलेली. 18 वर्षांच्या आत असताना काढलेला उघडा फोटो असेल तर तो अपलोड करावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा इन्स्टा, फेसबुक वगैरेंना जातो, म्हणजे तो फोटो कुणी टाकला तर त्यांना ओळखता येतो. पैसे द्यायचे नाहीत एवढं जरी मला आधी माहीत असतं तर 1,500 वाचले असते.

अजून एक विचारते. तुमचा मेसेज तिच्यापर्यंत पोचलाच कसा? तिने वय खरं टाकलं असतं तर तिचं 'टीन अकाउंट' झालं असतं. भारतात ते या फेब्रुवारीपासून सुरू झालंय. 18 च्या आतलं खातं आपोआप प्रायव्हेट, ज्यांना ती फॉलो करत नाही त्यांचे मेसेज येतच नाहीत, रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन बंद. तिचं जन्मसाल बघा काय आहे ते.

---

झेरॉक्सवाला, वडगाव · 8 डिसेंबर, रात्री 10:15

ताई, तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. जन्मसाल मला बघायची गरज नाही, मीच टाकलंय. 1998.

2020 च्या लॉकडाउनमध्ये पाचवीच्या ऑनलाइन वर्गासाठी जीमेल लागला. खरं साल 2010 टाकलं तर गुगल पालकांच्या खात्याशी जोडा, हे करा, ते करा म्हणायचं. दारात रांग, शटर अर्धं खाली, माझ्याकडे वेळ नाही. त्या आठवड्यात मी गल्लीतल्या निदान साठ पोरांचे जीमेल काढून दिले, वीस रुपयांना एक, सगळ्यांचा जन्म 1 जानेवारी 1998. लेकीचाही त्यातच. पुढे इन्स्टा तिने त्याच जीमेलवर काढलं असणार, तारीख तीच. म्हणजे कंपनीच्या दप्तरी माझी लेक 27 वर्षांची घोडी आहे आणि तिला कुणीही मेसेज करू शकतं.

साठ पोरं. त्यातली निम्मी आज दहावीला आहेत.

---

वकील, चिकोडी · 9 डिसेंबर, सकाळी 9:45

झेरॉक्सवाले साहेब, आधी तुमचाच खटला घेऊ. दुसऱ्याच्या नावाने खातं काढून कुणाला फसवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-डी मध्ये बसू शकतं. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आपण मनावर घेऊ नका, मीही घेत नाही, पण ज्या मैत्रिणीचं नाव वापरलंत तिचे वडील घेऊ शकतात. पुन्हा असं करू नका.

आता गंभीरपणे. मूल 18 च्या आत असेल आणि कुणी लैंगिक हेतूने त्याच्याशी वारंवार संपर्क करत असेल, किंवा खऱ्या-खोट्या फोटोची धमकी देत असेल, तर पोक्सो 2012 चं कलम 11 लागतं. फोटो बनावट आहे म्हणून आरोपी सुटत नाही, 'खरा किंवा बनवलेला' असं कलमातच आहे. मुलांचं अश्लील चित्रण पसरवलं तर आयटी कायद्याचं 67-बी, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत. पालक पोलीस स्टेशनच्या पायरीला घाबरतात, म्हणून हे सांगतो: पोक्सोत मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

सीमेवरच्या लोकांना आणखी एक अडचण नेहमी वाटते. मुलगी बेळगावात, धमकी देणारा सांगलीत किंवा पणजीत, मग तक्रार कुठे? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. ती नोंदवून पुढे योग्य ठिकाणी पाठवणं हे त्यांचं काम. इकडे जिल्ह्याला सीईएन ठाणं आहेच, सायबर गुन्हे तेच बघतात.

वयाचं म्हणाल तर 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 च्या आतलं प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला बंदी. नियम गेल्याच महिन्यात आले, पण या तरतुदी लागू व्हायला अठरा महिने आहेत. तोवर सगळी मुलं तुमच्या कृपेने 1998 सालचीच.

जाता जाता. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. तो अर्ज करणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. अर्ज केला तेव्हा वय ऐंशीच्या पुढे. खासगीपणा फक्त पोरांना हवा असतो असं नाही.

---

खानापूरकर · 9 डिसेंबर, सकाळी 10:02

वकीलसाहेब, सगळं खरं. पण बापाने काहीच बघायचं नाही का मग?

---

निपाणीच्या बाई · 9 डिसेंबर, सायंकाळी 5:50

बघायचं की. पण समोरून. रस्ता ओलांडायला शिकवताना आपण झाडामागे लपून बघत नाही. मी माझ्या मुलाला एवढंच सांगितलंय की फोन तुझा, रात्री चार्जिंग हॉलमध्ये. आणि काही झालं तर आधी मला सांग, मी पहिले दहा मिनिटं काहीच बोलणार नाही. दहा मिनिटं गप्प बसणं शिक्षिकेला किती जड जातं, ते विचारू नका.

---

सदलग्याचा · 9 डिसेंबर, रात्री 8:30

विषयांतराबद्दल माफी. झेरॉक्सवाले दादा, माझा भाऊ वडगावातच राहतो. पोराच्या स्कॉलरशिपसाठी जात-उत्पन्न दाखला काढायचाय. तुमच्याकडे होतं काय? व्हॉट्सॲप नंबर द्या, आधार आणि रेशन कार्डाचे फोटो पाठवतो.

---

झेरॉक्सवाला, वडगाव · 14 डिसेंबर, रात्री 11:45

उशीर झाला. अर्जांची गर्दी होती आणि थोडं धैर्यही गोळा करत होतो.

आज रविवार. दुपारी दुकानात सराव प्रश्नपत्रिकांचे सेट लावायचे होते, पाठपोट काढलेले, दीडशे. लेकीला मदतीला घेतलं. पानं लावताना हात कामात असतात, समोरासमोर बघावं लागत नाही, ते बरं पडतं. चाळीसेक सेट झाल्यावर म्हणालो, 'ते फेक खातं मी काढलेलं.'

ती थांबली. मग पानं ठोकून सरळ केली आणि म्हणाली, 'मला वाटलेलंच कुणीतरी मोठं माणूस आहे.' कसं काय? 'हाय नंतर पूर्णविराम होता पप्पा. आणि "उघडलं आहे". आमच्यात कोण लिहितं असं? मला वाटलं गणिताचे सर.'

मग रडली. माझ्यावर नव्हे म्हणाली, पण माझ्यावरच होतं ते. मैत्रिणीचं नाव वापरलं याचा राग सगळ्यात जास्त. 'तिला दोन दिवस सगळे विचारत होते, खरंच तू नाहीस काय म्हणून.' हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. उद्या मी त्यांच्या घरी जाऊन तिच्या वडिलांना सांगणार आहे. ओळखीचे आहेत, यंत्रमागवालेच. वकीलसाहेब, कलम आठवून जातोय.

बाईंचं वाक्य उसनं घेऊन दहा मिनिटं गप्प राहायचं ठरवलं होतं, सात जमली. पण त्या सात मिनिटांत कळलं की ऑगस्टमध्ये खरंच एक जण मागे लागला होता. 'मॉडेलिंग'वाला. तिने आणि तिघी मैत्रिणींनी मिळून त्याला काढला. स्क्रीनशॉट अजून आहेत, माझ्याकडे नाहीत, तिच्याकडे. बघायला मागितले नाहीत. फार जड गेलं.

पासवर्ड मागितला नाही. जन्मसाल मात्र तिने स्वतः 2010 केलं, माझ्यासमोर. आता ती 16 च्या आतली, म्हणून सेटिंग सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. ती परवानगी तिने आईकडे दिलीय, माझ्याकडे नाही. त्यासाठी बायकोने आयुष्यात पहिल्यांदा इन्स्टा उघडलं आणि अर्धा तास मांड्याचे व्हिडिओ बघत बसली.

खरी उलटतपासणी पुढे झाली. लेक म्हणाली, 'माझं सोडा पप्पा. तुमच्या फोनमध्ये माझ्या वर्गातल्या सगळ्यांची आधार आहेत.' मी हसलो. मग गॅलरी उघडली. पोरं प्रिंटसाठी जे पाठवतात ते सगळं तसंच पडलेलं. आधार, मार्क्स कार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, मुलींचे पासपोर्ट फोटो, एकीच्या आईचा हॉस्पिटलचा रिपोर्ट. 2019 पासूनचं, अकरा हजारांच्या वर. त्यातले काही तर मीच सांगून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवलेले, फोटो स्पष्ट येतो ना तसा. लेकीने सांगितलं की तसा पाठवला की फोटो कुठे काढला ती जागासुद्धा फाइलमध्ये तशीच येऊ शकते. सतरा वर्षं हा धंदा करतोय. हाच फोन कितीदा काउंटरवर ठेवून चहाला गेलोय.

सात वाजेपर्यंत दोघांनी मिळून पुसलं. कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरचं उद्या. दुकानाच्या व्हॉट्सॲपला 24 तासांत मेसेज आपोआप पुसले जाण्याचं सेटिंग तिने लावलं. मास्क्ड आधार काय असतं, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात, ते मला माहीत होतं. गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नव्हतं. जिथे चालतं तिथे आता तेच काढून देणार.

काउंटरला एक कागद चिकटवलाय, 'काम झाल्यावर फाइल आठवणीने पुसून घ्या'. वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक, पाटीचा नियम कागदालाही लागतो की नाही कोण जाणे. कन्नड तिने लिहिलं. मी लिहिलेल्यात दोन चुका निघाल्या होत्या.

त्या साठ पोरांना कसं गाठायचं तो प्रश्न आहे. परीक्षेचे फोटो काढायला येतीलच बरीचशी.

@सदलग्याचा: दाखला होतो. नंबर देत नाही, फोटो पाठवू नका. भावाला मूळ कागद घेऊन दुकानात पाठवा. सोमवारी बंद असतं.